नाउन क्लॉज की अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज? 'दॅट' दिसला की डोकं फिरतं

अर्धवट_अभ्यासू

नमस्कार मंडळी. एमपीएससी कम्बाइनच्या मुख्यचा अभ्यास चालू आहे. बारावीपर्यंत मराठी मिडियम, त्यामुळे इंग्लिश ग्रामर पाठ आहे पण डोक्यात शिरलेलं नाही असा प्रकार. टेन्स, आर्टिकल, व्हॉइस इथपर्यंत ठीक चालतं, क्लॉज, म्हणजे वाक्याच्या पोटातलं उपवाक्य, आला की घोडं अडतं.

क्लासच्या नोट्समध्ये दिलंय की 'दॅट', 'व्हॉट', 'व्हेदर', 'हाऊ' ने सुरू झाला तर नाउन क्लॉज आणि 'हू', 'विच', 'हूज', 'दॅट' ने सुरू झाला तर अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. आता 'दॅट' दोन्ही यादीत आहे हे नोट्स काढणाऱ्याला दिसलं नाही का? ही दोन वाक्यं बघा. फोनवर मराठी कीबोर्ड आहे म्हणून इंग्लिश पण देवनागरीतच टाइप करतोय, सांभाळून घ्या.

'द न्यूज दॅट यू हर्ड इज ट्रू.'
'द न्यूज दॅट ही हॅज रिझाइन्ड इज ट्रू.'

दोन्हीत 'न्यूज', दोन्हीत त्याला चिकटून 'दॅट', आणि उत्तरसूचीत पहिल्याला अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज दिलंय, दुसऱ्याला नाउन क्लॉज. रूममेट म्हणतो उत्तरसूची चुकलीय, दोन्ही अ‍ॅडजेक्टिव्हच, कारण दोन्ही 'न्यूज'बद्दल सांगतायत. मला त्याचं पटतंय पण आयोगाला पटलं पाहिजे ना.

दुसरं, 'व्हेअर' आणि 'व्हेन' तर नाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, अ‍ॅडव्हर्ब अशा तिन्ही प्रकारांत येतात, तिथे काय बघायचं? आणि तिसरं जरा वेगळं, लिहिताना 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही' असंच हाताखालून जातं, ते चूक आहे हे माहितीय पण का चूक हे कोणी सांगत नाही. कोणी नीट समजावेल का, यादी नको, याद्या माझ्याकडे भरपूर आहेत.

फळ्यासमोर

रूममेटला सांगा उत्तरसूची बरोबर आहे.

पहिल्या शब्दावरून क्लॉज ओळखायचा ही सवय आधी सोडा. जोडणारा शब्द बघून काही ठरत नाही, क्लॉज वाक्यात काय काम करतोय त्यावरून ठरतं. नामाच्या जागी बसून नामाचं काम करत असेल तर नाउन क्लॉज. आधीच्या नामाला चिकटून 'कोणतं?' याचं उत्तर देत असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह. इथपर्यंत तुमच्या नोट्समध्ये असेलच, पण तुमच्या दोन वाक्यांना एवढं पुरत नाही कारण दोन्ही क्लॉज नामाला चिकटलेत, रूममेट तिथेच फसला.

आता हे करा. 'दॅट' झाका आणि पुढचा तुकडा एकटा वाचा. 'यू हर्ड'. तू ऐकलंस. काय ऐकलंस? 'हर्ड' ला कर्म लागतं, ते इथे नाहीये, जागा रिकामी आहे. ती कोणी भरायची? 'न्यूज' ने. म्हणजे 'दॅट' इथे 'न्यूज' च्या बदली आत जाऊन बसलेलं सर्वनाम आहे, म्हणून हा अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज. आता दुसरा तुकडा, 'ही हॅज रिझाइन्ड'. त्याने राजीनामा दिलाय. कर्ता आहे, क्रियापद आहे, काही कमी नाही, वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे. 'दॅट' ला आत काही कामच नाही, ते नुसतं दारात उभं राहून जोडतंय. आणि हा तुकडा बातमी 'कोणती' हे सांगत नाही, हीच ती बातमी आहे. बातमी बरोबर राजीनामा. याला नाउन क्लॉज इन अ‍ॅपोझिशन म्हणतात.

हा प्रकार ठरावीक नामांनंतरच येतो, ज्यांच्या पोटात एक अख्खं वाक्य मावतं अशी नामं. फॅक्ट, न्यूज, रूमर, बिलीफ, होप, आयडिया, प्रूफ, रिपोर्ट वगैरे. 'टेबल' किंवा 'मुलगा' यांच्यानंतर कधीच येणार नाही, कारण टेबल म्हणजे एक विधान होऊ शकत नाही.

पेपर काढणारे मुद्दाम ह्या नामांवरच खेळतात. ही जोडी बघा:

'द रिपोर्ट दॅट ही सबमिटेड वॉज फॉल्स.'
'द रिपोर्ट दॅट ही सबमिटेड अ फॉल्स सर्टिफिकेट वॉज पब्लिश्ड.'

'सबमिटेड' पर्यंत दोन्ही अक्षर न् अक्षर सारखी आहेत. पहिल्यात काय सबमिट केलं ते रिकामं, तो रिपोर्टच सबमिट केला, अ‍ॅडजेक्टिव्ह. दुसऱ्यात सर्टिफिकेट सबमिट केलं, कर्माची जागा भरली, नाउन क्लॉज. घाईत अर्धं वाक्य वाचून टिक करणारा इथे मार्क घालवतो.

चहा_बिस्किट

अहो एवढं कशाला, सोपी ट्रिक आहे. 'दॅट' काढून टाका, वाक्य चालत असेल तर अ‍ॅडजेक्टिव्ह, नसेल चालत तर नाउन. 'द न्यूज यू हर्ड' चालतं, 'द न्यूज ही हॅज रिझाइन्ड' कसंतरीच वाटतं. दोन सेकंदात उत्तर.

फळ्यासमोर

@चहा_बिस्किट ही ट्रिक दोन्ही बाजूंनी दगा देते. 'द डॉग दॅट बिट मी वॉज मॅड' यातला 'दॅट' काढा, 'द डॉग बिट मी वॉज मॅड' होतं, वाक्य मोडलं, पण क्लॉज अ‍ॅडजेक्टिव्हच आहे. कारण इथे 'दॅट' आतला कर्ता आहे आणि कर्ता काढता येत नाही, कर्म असेल तरच काढता येतं. उलट 'आय नो दॅट ही इज बिझी' मधला 'दॅट' खुशाल काढता येतो आणि तो नाउन क्लॉज आहे.

काढण्यापेक्षा बदलून बघा. 'दॅट' च्या जागी 'विच' किंवा 'हू' बसलं तर अ‍ॅडजेक्टिव्ह. 'द न्यूज विच यू हर्ड', 'द डॉग विच बिट मी', दोन्ही बसतात. 'द न्यूज विच ही हॅज रिझाइन्ड', नाही बसत. ही रिकाम्या जागेचीच परीक्षा आहे, फक्त वेगळ्या बाजूने.

आता 'व्हेअर' चं. एकाच शब्दाची तीन वाक्यं देतो.

'आय रिमेंबर द हाऊस व्हेअर आय वॉज बॉर्न.' इथे 'हाऊस' ला चिकटून कोणतं घर ते सांगतोय, अ‍ॅडजेक्टिव्ह.
'आय रिमेंबर व्हेअर आय वॉज बॉर्न.' 'रिमेंबर' चं कर्मच तो आहे, नाउन.
'आय स्टिल लिव्ह व्हेअर आय वॉज बॉर्न.' कुठे राहतो, क्रियापदाबद्दल सांगतोय, अ‍ॅडव्हर्ब.

नाउन क्लॉजची शंका आली तर अख्खा क्लॉज उचलून तिथे 'इट' ठेवून बघायचं. 'आय रिमेंबर इट' झालं. 'आय स्टिल लिव्ह इट' नाही झालं.

ज्यु_कॉलेजवाली

मास्तरांनी ओळखायचं छान सांगितलंय, मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं बोलते. अकरावी-बारावीला शिकवते, आणि पेपर तपासताना पोरं नेमकी कुठे घसरतात ते इतकं ठरलेलं असतं की वाक्य सुरू झालं की शेवट कळतो. बहुतेक चुका मराठी डोक्यातून येतात. पोरं मठ्ठ नसतात, मराठीत ते वाक्य तसंच बरोबर असतं म्हणून होतं.

आपण म्हणतो 'तो कुठे आहे मला माहीत नाही'. आता नुसतं 'तो कुठे आहे?' विचारा. शब्दांचा क्रम बदलला का? नाही बदलला. मराठीत प्रश्न सुटा असो की दुसऱ्या वाक्याच्या पोटात, क्रम तोच. इंग्लिशमध्ये सुट्या प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी उडी मारतं, 'व्हेअर इज ही?', पण तोच प्रश्न पोटात गेला की उडी रद्द, 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज'. कारण तिथे तो प्रश्न राहिलेलाच नसतो, 'नो' चं कर्म झालेला असतो, नामाच्या खुर्चीत बसलाय तर नामासारखं गप बसायचं. 'डू', 'डज', 'डिड' सुद्धा याच कारणाने गळतात. 'व्हॉट डिड ही से?' पण 'टेल मी व्हॉट ही सेड'.

आणि हे तुम्ही आधीच शिकलायत बरं का. डायरेक्ट-इनडायरेक्टच्या धड्यात 'प्रश्नाचं असर्टिव्ह (म्हणजे साधं विधान) करा' असा नियम पाठ केला असेल, तो नियम म्हणजे नाउन क्लॉजच आहे, पुस्तकात दुसऱ्या धड्यात टाकलाय म्हणून कोणाला ओळखू येत नाही एवढंच.

पुढची ठरलेली चूक, 'ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आय वॉज गोइंग'. आपल्याकडे 'की' सगळ्याला चालतो. तो म्हणाला की मी येतो, त्याने विचारलं की येतोस का, त्याने विचारलं की कुठे चाललास. इंग्लिशमध्ये 'दॅट' फक्त विधानाला लागतं. हो-नाही वाल्या प्रश्नाला 'इफ' किंवा 'व्हेदर', आणि 'व्हेअर', 'व्हाय', 'हाऊ' असेल तर तोच जोडतो, त्याच्या आधी काही नको. त्यातही प्रीपोझिशनच्या मागून 'इफ' येत नाही, 'व्हेदर'च येतं. 'वी टॉक्ड अबाउट व्हेदर वी शुड गो'.

अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉजमध्ये आपला जो-तो आडवा येतो. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी', आपल्याला दोन्ही टोकांना सर्वनाम लागतं. म्हणून मग 'द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय कझिन'. तो 'ही' जास्तीचा आहे, 'द बॉय' आधीच कर्ता आहे, दोन कर्ते कशाला. तसंच 'द बुक विच आय बॉट इट'. मास्तरांनी रिकामी जागा म्हटलं ना, ती रिकामीच ठेवायची असते, पोरं बिचारी प्रामाणिकपणे 'इट' घालून भरून टाकतात.

आणि एक चूक अशी की ती दिसतच नाही, कारण पोरं अ‍ॅडजेक्टिव्ह क्लॉज वापरायचंच टाळतात. मराठीत आपण रोजच्या बोलण्यात 'जो मुलगा काल आला होता तो' असं फार कमी म्हणतो, 'काल आलेला मुलगा' म्हणून मोकळे होतो. सगळं नामाच्या आधी. मग इंग्लिशमध्ये पण 'यस्टरडे कम बॉय' असं डोक्यात तयार होतं, ते चुकतंय हे कळतं, आणि मग दोन छोटी छोटी वाक्यं लिहून विषय संपवतात. उपाय एकच, आधी नाम लिहा मग 'हू' किंवा 'विच' लिहून जे नामाआधी म्हणायचं होतं ते मागून जोडा. 'आईने केलेले लाडू', 'द लाडूज दॅट माय मदर मेड'. रोज घरातल्या वस्तू बघून अशी दहा वाक्यं तोंडाने बोला, महिन्याभरात फरक पडेल.

नागपुरी_संत्रं

एक गोष्ट कोणीच बोललं नाही भाऊ. कम्बाइनला मराठीचं व्याकरण पण असते ना, तिथे मिश्रवाक्यात गौणवाक्याचे प्रकार आहेत, नामवाक्य, विशेषणवाक्य, क्रियाविशेषणवाक्य. तेच तर आहे हे. 'तळे राखील तो पाणी चाखील' विशेषणवाक्य, 'जो' गाळला आहे फक्त. 'ती म्हणाली की उद्या सुट्टी आहे' नामवाक्य. दोन्हीकडचं एका बैठकीत करून टाका ना, एकाच अभ्यासात दोन्हीकडे मार्क.

सिम्पल-कॉम्प्लेक्स ट्रान्सफॉर्मेशन पण यातच निघते. नामाला फुगवलं की नाउन क्लॉज, विशेषणाला फुगवलं की अ‍ॅडजेक्टिव्ह. 'आय नो हिज एज', 'आय नो हाऊ ओल्ड ही इज'. 'आय सॉ अ क्राइंग चाइल्ड', 'आय सॉ अ चाइल्ड हू वॉज क्राइंग'. लय सोपं आहे, क्लासवाले उगाच घाबरवतात.

स्वल्पविराम

पुण्यात टेक्निकल रायटर आहे, दिवसभर लोकांनी लिहिलेले 'विच' दुरुस्त करणं हेच पोटापाण्याचं काम. कॉमाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही.

'द एम्प्लॉइज हू वर्क्ड ऑन संडे विल गेट अ लीव्ह.'
'द एम्प्लॉइज, हू वर्क्ड ऑन संडे, विल गेट अ लीव्ह.'

पहिल्यात रविवारी जे आले त्यांनाच सुट्टी. दुसऱ्यात सगळे आले होते आणि सगळ्यांना सुट्टी. दोन कॉमांनी अख्ख्या ऑफिसला सुट्टी मिळाली, एचआरने असा मेल टाकला तर घरी बसलेला माणूस पण सुट्टी मागेल आणि त्याचं चूक नाही म्हणता येणार. बिनकॉमाचा क्लॉज निवड करतो, कॉमातला नुसती जादा माहिती देतो. म्हणून विशेषनामानंतर जवळपास नेहमी कॉमा, 'नाशिक, विच इज ऑन द गोदावरी', कारण नाशिक एकच आहे, निवडणार काय. आणि कॉमानंतर 'दॅट' वापरायचं नाही, तिथे 'विच' किंवा 'हू'.

बिनकॉमाच्या क्लॉजमध्ये 'दॅट' की 'विच' यावरून लोक उगाच भांडतात. फाउलर नावाच्या इंग्रज कोशकाराने 1926 साली सुचवलं की तिथे 'दॅट'च ठेवावं म्हणजे दोघांची कामं वेगळी होतील, अमेरिकन संपादकांनी ते मनावर घेतलं, खुद्द ब्रिटनमध्ये 'विच' आजही सर्रास चालतं. आपल्या परीक्षांत दोन्ही बरोबर धरतात, तेव्हा यावर झोप घालवू नका.

बाय द वे बाहेर जायचं म्हणून आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा देणाऱ्यांसाठी, रायटिंगच्या चार निकषांत एक 'ग्रॅमॅटिकल रेंज अँड अ‍ॅक्युरसी' आहे. रेंज दाखवायची म्हणून लोक एका वाक्यात तीन 'विच' कोंबतात आणि अ‍ॅक्युरसी घालवतात. एक धड जमलेला क्लॉज पुरतो.

अर्धवट_अभ्यासू

बाप रे, क्लासला दिलेली फी परत मागावी वाटतेय. रिकामी जागा हे डोक्यात फिट्ट बसलं, रूममेटनेही मान्य केलं (तोंड वाकडं करून). आता मी काही वाक्यं सोडवून टाकतो, तपासा.

1. 'व्हॉट कॅनॉट बी क्युअर्ड मस्ट बी एन्ड्युअर्ड.' नाउन, सब्जेक्ट.
2. 'टेल मी द टाइम व्हेन द बस लीव्ह्ज.' अ‍ॅडजेक्टिव्ह.
3. 'टेल मी व्हेन द बस कम्स.' नाउन, कारण 'टेल मी इट'.
4. 'इट इज ट्रू दॅट ही लेफ्ट.' नाउन.
5. 'ही इज वन ऑफ द ऑफिसर्स हू इज ऑनेस्ट.' अ‍ॅडजेक्टिव्ह.
6. 'आय अ‍ॅम शुअर दॅट ही विल पास.' इथे अडलो. 'शुअर' तर विशेषण आहे, त्याला चिकटून नाउन क्लॉज कसा?

फळ्यासमोर

1, 2, 4 बरोबर. 4 मध्ये 'इट' नुसतं जागा धरून बसलेलं आहे, खरा कर्ता मागचा 'दॅट' वाला क्लॉज.

5 मध्ये क्लॉज ओळखलात पण वाक्यच चुकीचं उतरवलंय किंवा छापलंय. 'हू' कोणाच्या बदली आलं? 'ऑफिसर्स' च्या. अनेकवचन. म्हणून 'हू आर ऑनेस्ट'. 'वन' बघून 'इज' लावायचा मोह होतो आणि स्पॉट द एररमध्ये हे फार आवडीचं आहे. 'द ओन्ली वन ऑफ द ऑफिसर्स' असं असेल तर मात्र 'हू इज', कारण मग प्रामाणिक एकटाच.

3 मध्ये गंमत आहे. 'टेल मी व्हेन द बस कम्स' चे दोन अर्थ निघतात. बस किती वाजता येते ते सांग, हा नाउन क्लॉज, तुमची 'इट' ची परीक्षा इथे चालली. पण स्टॉपवर उभ्या माणसाला आपण सांगतो ना, बस आली की मला सांग, तेही हेच वाक्य, आणि तेव्हा तो अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. 'विल' घातलं की गोंधळ मिटतो. 'टेल मी व्हेन द बस विल कम' हा फक्त नाउन क्लॉज असू शकतो, कारण वेळ दाखवणाऱ्या अ‍ॅडव्हर्ब क्लॉजमध्ये भविष्यासाठी 'विल' येत नाही. 'इफ' ला पण हेच. 'आय डोन्ट नो इफ ही विल कम' बरोबर, तिथे 'इफ' म्हणजे येईल की नाही. 'इफ ही विल कम, आय विल गो' चूक, तिथे 'इफ ही कम्स'. 'व्हेन आणि इफ नंतर विल नको' असा अर्धा नियम पाठ केलेले पहिल्या वाक्याला डोळे झाकून लाल करतात.

6 वर आमच्याच लोकांत दोन तट आहेत. जुने काही म्हणतात 'शुअर' हे विशेषण, विशेषणाबद्दल सांगतो तो अ‍ॅडव्हर्ब क्लॉज. दुसरे म्हणतात तुकडा पूर्ण आहे, रिकामी जागा नाही, 'ऑफ' अध्याहृत आहे, 'शुअर ऑफ इट', तेव्हा नाउन. मी नाउनवाला. परीक्षेत अ‍ॅडजेक्टिव्ह हा पर्याय तर खात्रीने खोडा, कारण आधी नामच नाही. मग उरलेल्यांत नाउन.

ज्यु_कॉलेजवाली

मी पण नाउनवालीच :) आणि यादी नको म्हणून सुरुवात करून शेवटी सहा आकड्यांची यादी टाकलीत हे बघितलं बरं का. आता 'हूज' आणि 'हूम' ची पाच वाक्यं स्वतः बनवून टाका इथे, पुस्तकातली नकोत.